माळ्याखालचा फळा

गासुंगूच्या पाणथळीत भात दुधात आलं की पाखरं उतरतात. ती कशी उतरतात हे खरं तेवढं सांगायला गेलं तर ऐकणारा उठून जातो, म्हणून थोडं कमी करून सांगावं लागतं. थवा बसला की हिरवं खाचर तपकिरी होतं आणि लोंब्या जमिनीला टेकतात. थवा उठला की लोंब्या पुन्हा ताठ उभ्या राहतात, कारण वाकायला त्यांत काही उरलेलं नसतं. एका वर्षी वेनेरां नावाच्या शेतकऱ्याच्या शेजाऱ्याचं खाचर पाखरांनी मुळासकट उपटून टांझानियात नेलं म्हणतात. मुळासकट नसेलही. पण त्या वर्षी शेजारणीनं चुलीवर भाताचं भांडं चढवलं नाही, एवढं मात्र खरं.

म्हणून खाचरात उंच खांबांवर माळा, माळ्यावर पोर आणि पोराच्या हातात गोफण. पोर बहुतेक त्वांचं.

मिबुरो त्वा होती, मडकी घडवणाऱ्या, सगळ्यांत खालच्या धरलेल्या जमातीतली. दिवस उजाडायच्या आत ती पाणथळीत उतरायची. गुडघाभर गार चिखलात उभी राहून बांधाच्या पोटातली काळी चिकणमाती कुदळीनं कापायची, गोळा छातीशी धरून वर फेकायची, आणि प्रत्येक गोळ्याला एकदा खोकायची. मडकी भाजायच्या आव्याच्या धुरानं तिचा घसा खाल्ला होता. डोळेही अर्धे खाल्ले होते. समोरचं माणूस तिला दिसायचं, पण ते हसतंय की दात विचकतंय हे जवळ आल्याशिवाय कळायचं नाही. त्यामुळे ती सगळ्यांनाच आधी हसून घ्यायची.

पाणथळ पूर्वी कुणाचीच नव्हती, म्हणजे त्वांचीही होती. मग मोठ्या शहरातून, बुजुंबुराहून, सरकारी साहेब आला आणि म्हणाला, भाताचे पट्टे पाडायचे, सगळ्यांना सारखं वाटायचं, ज्याच्याकडं कुदळ त्याला पट्टा. त्वांच्या घरांत कुदळी होत्याच. पण त्या मातीच्या कुदळी, भाताच्या नव्हेत, असं वरच्या वस्तीतल्या लोकांनी साहेबाला समजावून सांगितलं. साहेब शिकलेला होता. त्याला लगेच समजलं.

तेव्हापासून मडक्याला चालेल अशी माती उरली ती फक्त वेनेरांच्या बांधाखाली. वेनेरां माणूस वाईट नव्हता. लठ्ठ होता, हसरा होता, रविवारी चर्चमध्ये सगळ्यांत मोठ्यानं गायचा. त्यानं मिबुरोला सांगितलं होतं की माती लागेल तेवढी ने, मला एक दमडी नको, फक्त कापणी होईपर्यंत तुझी पोरगी माझ्या माळ्यावर बसू दे. आणि वर म्हणायचा, "माती तू नेलीस, पोरगी मी नेली. सोयरीकच झाली आपली."

मिबुरो हसायची. नवरा टांझानियात मजुरीला गेला तो तिकडंच विरघळला होता. घरात ती आणि पोरगी. मातीशिवाय मडकी नाहीत, मडक्यांशिवाय बाजार नाही, आणि बाजाराशिवाय कोरड्या दिवसांत चुलीवर ठेवायला मडकं असलं तरी मडक्यात घालायला काही नाही.

पोरीचं नाव फिदेस. ती लहान होती तोवर हे सगळं बरं चाललं. पण फिदेस शाळेत एकेक वर्ग चढत गेली, आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत शेवटच्या वर्गात जाऊन बसली. त्वांच्या वस्तीतलं पोर त्या वर्गात पहिल्यांदाच दिसत होतं. सरकारी परीक्षा पास झाली तर लांबच्या शाळेत, तिथल्याच वसतिगृहात राहून शिकायचं. आणि परीक्षा नेमकी कापणीच्या तोंडावर. ज्यानं परीक्षेचा महिना ठरवला त्याला भात फक्त ताटात माहीत असावं.

शाळेची घंटा टेकडीवर वाजायची तेव्हा फिदेस माळ्यावर चढलेली असायची. मातीच्या गोळ्या वळून कडेला रचून ठेवायची, गोफणीत एक घालायची आणि ओरडायची. तिचं ओरडणं सकाळी पातळ निघायचं, दुपारी भरड, आणि संध्याकाळी निघायचंच नाही. आठवड्यातून दोनदा-तीनदा वेनेरांला तिची दया यायची, तो आपल्या म्हाताऱ्या चुलत्याला माळ्यावर बसवायचा आणि तिला शाळेत जा म्हणायचा. त्या दिवशी ती वर्गात शेवटच्या बाकावर बसून झोपायची.

एक दिवस दुपारी वर्गाच्या नव्या बाई, लिबेरातबाई, मिबुरोच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मिबुरोचे दोन्ही हात कोपरापर्यंत मातीत. तिनं घाईनं एक रांजण पालथा घालून त्यावर फडकं टाकलं. बाई खाली चटईवरच बसल्या आणि प्यायला पाणी मागितलं.

हे ऐकून मिबुरो गोंधळली. शाळेच्या व्हरांड्यातला पाण्याचा माठ तिनंच घडवलेला होता. सगळी पोरं त्यातून टिनाच्या पेल्यानं पाणी प्यायची. फिदेस ओंजळीनं प्यायची, वरून कुणीतरी ओतलं तर. माठ चालायचा, माठ घडवणारीचं तोंड चालायचं नाही. हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, तरी सगळ्यांना पाठ होतं. मिबुरोनं पेला राखेनं घासला, पुन्हा घासला, मग दिला. बाई प्याल्या. ही बातमी वरच्या वस्तीत बाईंच्या आधी पोचली. काहींच्या मते बाईंना संध्याकाळपर्यंत जुलाब व्हायला हवे होते. झाले नाहीत, तेव्हा ते उद्याची वाट बघू लागले.

बाई म्हणाल्या, "मावशी, या महिन्यात ज्याचे खाडे जास्त त्याचं नाव परीक्षेला जाणार नाही."

मिबुरोला आयुष्यात कुणी वरच्या वस्तीतल्यानं मावशी म्हटलं नव्हतं. त्यामुळे पुढचं वाक्य तिला उशिरा कळलं. मग तिनं विचारलं, असा नियम कुणी केला. बाईंनी सांगितलं की मुख्याध्यापक मेल्कियाद यांनी. त्या त्यांच्याशी भांडून आल्या होत्या. मेल्कियाद म्हणाले होते की एका पोरीसाठी नियम वाकवला तर बाकीच्यांवर अन्याय, आपल्याकडं त्वा वगैरे काही नाही, नियम सगळ्यांना सारखा.

"हो, सारखाच पाहिजे," मिबुरो म्हणाली. तिला सवय होती, शिकलेल्या माणसाचं शेवटचं वाक्य उचलून त्यालाच परत द्यायची.

"मावशी, ज्याच्या पायात काटा त्याला आणि ज्याच्या पायात बूट त्याला एकाच रेघेवरनं पळायला लावलं, तर ते सारखं असतं का?"

मिबुरोनं बाईंच्या पायांकडं बघितलं. बूट होते. ती हसली.

दोघी मिळून वेनेरांकडं गेल्या. तो बांधावर बसून बायकोनं आणलेले उकडलेली रताळी खात होता. बाईंना त्यानं बसायला गोणपाट दिलं. मिबुरो उभी राहिली. बाईंनी सगळं सांगितल्यावर तो खरंच हळहळला. त्याचा मुलगा ओनेस्फोर त्याच वर्गात होता, परीक्षा म्हणजे काय हे त्याला कळत होतं. तो म्हणाला, पोरीला जाऊ दे की शाळेत, मी कुठं धरून ठेवलंय, फक्त माळ्यावर कुणीतरी बघणारं पाहिजे.

मिबुरो म्हणाली, "मी बसते की, धनी."

"तू?" वेनेरांनं रताळ्याचं साल फेकलं. "तुला थवा दिसंल तवर तो जेवून, हात धुऊन, दुसऱ्याच्या खाचरात गेलेला असंल. आणि ओरडणार कशी? तू ओरडलीस तर पाखरं विचारपूस करायला जवळ येतील, कोण आजारी आहे म्हणून."

त्याला स्वतःचाच विनोद इतका आवडला की त्यानं तो बायकोला पुन्हा सांगितला. मिबुरोही हसली, आणि हसता हसता तिला खोकला आला. बाई हसल्या नाहीत. त्या माळ्याकडं बघत होत्या. फिदेस वर उभी राहून गोफण फिरवत होती, आणि टेकडीवरून शाळेची घंटा ऐकू येत होती.

बाई म्हणाल्या, "पोरगी शाळेत येत नाही ना, मग शाळा इथं येईल."

दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग रांगेनं पाणथळीत उतरला. दोन पोरांनी फळा डोक्यावर धरला होता, तो लांबून घराच्या पत्र्यासारखा दिसत होता. बाईंनी फळा माळ्याच्या पायांना टेकवला, पोरं समोर बांधाच्या उतारावर बसली आणि वर्ग सुरू झाला. एकदम तीसचाळीस गळ्यांनी नद्यांची नावं म्हटली, तेव्हा आलेला थवा हवेतच वळला. वेनेरां कमरेवर हात ठेवून बघत राहिला. एक राखणदार ठेवली होती, पलटण मिळाली होती. पुढं तो शपथेवर सांगायचा की त्या हंगामात थव्यातली एक सुगरण त्याच्या परसात बसून नद्यांची नावं ओळीनं म्हणायची, फक्त शेवटची चुकायची.

मेल्कियादांनी यायला-बघायला नकार दिला, पण हजेरी घेतली जातेय म्हटल्यावर गप्प बसले. फिदेसची हजेरी रोज लागू लागली. मिबुरो खाली बांधाच्या पोटात माती कापताना वर बाईंचा आवाज ऐकायची. शब्द तिला कळायचे नाहीत. पण ओनेस्फोर चुकला की बाई थांबायच्या, आणि वर माळ्यावरून उत्तर यायचं, आणि मिबुरोच्या हातातली कुदळ क्षणभर तशीच राहायची.

मग एक दिवस बाईंनी फळ्यावर एक आकृती काढली आणि विचारलं. माळ्यावरून उत्तर आलं नाही. बाईंनी पुन्हा विचारलं. ओनेस्फोर म्हणाला, "बाई, तिला कसं दिसणार? फळा तिच्या पायाखाली आहे."

सगळी पोरं हसली. बाईंनी वर बघितलं, मग फळ्याकडं बघितलं. जिच्यासाठी वर्ग इथं आणला होता, त्या एकटीलाच इतके दिवस फळा दिसत नव्हता. ती कानानंच शिकत होती. बाईंनी विचारलं की अगं, सांगितलं का नाहीस. फिदेस म्हणाली, "मला वाटलं, मी पाखरांकडं बघायचंय."

फळा हलवून समोरच्या बांधावर नेला. आता फिदेसला दिसू लागला, पण बाकीच्या पोरांच्या तोंडावर ऊन यायला लागलं. ऊन घरी गेलं आणि घरून आया आल्या. त्यांचं म्हणणं उन्हाबद्दल नव्हतं. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर एकीनं सांगितलं की आमची पोरं चिखलात बसतात, त्याचं काही नाही, शेतकऱ्याची पोरं आहेत. पण त्वाची पोर त्यांच्या डोक्यावर पाय सोडून बसते, हे बरं दिसत नाही.

बाईंनी विचारलं, मग तिला खाली घेऊ आणि तुमच्यापैकी कुणाला तरी वर बसवू का. राखण करायला. आया म्हणाल्या, छे, राखण त्यांचंच काम आहे. म्हणजे पोरगी वर बसायला हवी होती, पण वर बसलेली दिसायला नको होती. शेवटी ठरलं की फिदेसनं पाय माळ्याच्या आत दुमडून घ्यायचे. ती तशी बसू लागली. संध्याकाळी उतरताना तिचे पाय सरळ व्हायला वेळ लागायचा, मिबुरो खाली उभी राहून तिच्या पोटऱ्या चोळायची.

दुपारी वेनेरांची बायको पोरांसाठी रताळी आणायची. हातात हातात वाटायची. फिदेसचं रताळं ती खालून वर फेकायची. फिदेस अंगावर गुंडाळलेल्या कापडाचं टोक पसरून झेलायची, आणि एकदाही चुकली नाही म्हणून पोरं टाळ्या वाजवायची. एकदा मिबुरो बांधाखालून बघत होती. तिलाही वाटलं, किती छान झेलते. नंतर माती कापताना ती बराच वेळ कुदळ मारत राहिली, एकाच जागी.

शाळा पाणथळीत आल्यापासून वेनेरांच्या खाचराला पाखरू शिवलं नाही. पाखरं काही हवेवर जगत नाहीत, ती शेजारच्या खाचरांत गेली. शेजारी आधी कुरकुरले, मग एकत्र जमले, मग मेल्कियादांकडं गेले. शाळा काय एकट्या वेनेरांची आहे, असं त्यांनी विचारलं. शाळेच्या भिंतीला आम्ही सगळ्यांनी विटा वाहिल्या. मग शाळा आली तर सगळ्यांच्या खाचरांत आली पाहिजे. सगळ्यांना सारखी.

मेल्कियादांना हे पटलं. त्यांचंही खाचर पाणथळीच्या पलीकडच्या टोकाला होतं. तिथं पाखरं फार, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं होतं. त्यांनी पाळ्या ठरवल्या. सगळे वर्ग बाहेर काढले, खालच्या वर्गांतली बोटभर पोरंसुद्धा, आणि सगळी पाणथळ शाळेनं भरून गेली. इकडं पाढे, तिकडं प्रार्थना, मध्ये टिनाचे पत्रे बडवणारी पोरं. शेवटच्या, मोठ्या पोरांच्या वर्गाची पहिली पाळी मुख्याध्यापकांच्या खाचराची. ती पाळी कापणीपर्यंत चालली.

म्हणजे फिदेसचा वर्ग तिकडं गेला. फिदेस मात्र वेनेरांच्या माळ्यावर राहिली, कारण वेनेरांनं हक्कानं सांगितलं की शाळा सगळ्यांची असेल, पण ही राखणदार माझी आहे, मी तिच्या बदल्यात माती देतोय. मेल्कियादांना हेही पटलं. त्यामुळे वेनेरांच्या खाचराला पाळीतून वगळलं, त्याला कायमची राखणदार असताना पोरं कशाला.

लिबेरातबाई पुन्हा भांडायला गेल्या. मेल्कियाद शांतपणे म्हणाले, "बाई, तुमची तक्रार काय होती? खाडे होतात. आता ती रोज हजर आहे."

"कुठं हजर आहे, सर?"

"पाणथळीत. सगळी शाळाच पाणथळीत आहे."

बाई वळून बाहेर पडल्या. कल्पना त्यांचीच होती. त्या पुढं रोज कलत्या उन्हात मिबुरोच्या अंगणात यायच्या, आणि दिवसभर पलीकडं शिकवलेलं पुन्हा शिकवायच्या. मिबुरो बाजूला बसून मातीच्या वळ्या एकावर एक रचायची, ओल्या हातानं सांधा पुसायची, लाकडी थापटीनं मडक्याचं पोट थापटायची. फिदेसचा आवाज बसलेला असायचा, ती बोटांनी उत्तरं द्यायची. कधी मध्येच तिची मान कलायची. मग बाई बोलायच्या थांबायच्या, आणि थापटीचा आवाजही थांबायचा, आणि त्या शांततेनंच पोरगी दचकून जागी व्हायची आणि उठून ओरडायची. खोपीवरची कोंबडी उडायची.

त्या हंगामात मिबुरोच्या हाताला यश होतं. आवा लावला तेव्हा वारा पडलेला होता, जाळ सगळीकडून सारखा चढला, आणि राख बाजूला केली तर क्वचितच एखादं मडकं तडकलेलं. गाडगी, माठ, दारूचे रांजण, सगळे लालभडक. तिनं ते अंगणात ओळीनं मांडले. कापणीनंतर लोकांच्या हातात धान्य येतं, तेव्हा बाजार चांगला होतो. मडकं देऊन त्याच्या पोटात मावेल तेवढं धान्य घ्यायचं, हा आमच्याकडचा जुना हिशेब. मिबुरो माठांच्या तोंडातून आत हात घालून बघायची, जसं काही धान्य आत्ताच भरलंय. त्यातून कोरडे महिने निघणार होते, आणि पोरगी पास झालीच तर वसतिगृहात न्यायची चटई आणि कापड.

नाव परीक्षेला गेलं. हजेरी पूर्ण होती, मेल्कियाद नियमाचे पक्के होते. परीक्षेच्या आदल्या दिवशी वेनेरां मिबुरोच्या अंगणाच्या कडेला येऊन उभा राहिला. आत येण्याची रीत नव्हती. त्यानं ओनेस्फोरसाठी नवा सदरा घेतल्याचं सांगितलं. मग म्हणाला की फिदेसलाही जाऊ दे, मी काही आडकाठी करणारा माणूस नाही.

"देव तुमचं भलं करो, धनी."

"पण भात पिकलंय, मिबुरो. हे शेवटचे दिवस. माळ्यावर कोण?"

"मी."

तो यावेळी हसला नाही. "बघ बाई. माझा म्हातारा चुलताही खाटेला खिळलाय. पाखरांनी खाचर फस्त केलं तर माझ्याकडनं पुढच्या वर्षी मातीची आशा ठेवू नको. तुला म्हणून नाही सांगत. दुसऱ्या कुणालाही हेच सांगितलं असतं."

सकाळी फिदेस बाईंबरोबर टेकडीपलीकडच्या परीक्षेच्या जागी गेली. खालच्या वर्गांतली पोरं दुसऱ्यांच्या खाचरांत वाटलेली होती. मिबुरो माळ्यावर चढली. वर बसल्यावर तिला पाणथळ दिसली ती एक पिवळी ओली चादर, आणि चादरीच्या कडा कुठं संपतात ते दिसेना. तिनं गोफण फिरवली. गोळी कुठं गेली ते गोळीलाच माहीत. ती ओरडली, आणि खोकल्यानं तिला माळ्याच्या खांबाला धरून वाकवलं.

थवा तिला दिसला नाही, ऐकू आला. आधी पंखांचा वारा, मग बारीक किरकिर, असंख्य चोची दाणे सोलतायत अशी. तिनं पत्रा बडवला. पण पत्र्याला पाखरं कधीच सरावली होती. सगळ्या पाणथळीत महिनाभर पत्रे वाजत होते, पत्रा वाजला की जेवण मांडलंय असं त्यांना कळायचं. किरकिर थांबली नाही.

मिबुरोनं पाण्यासाठी सोबत एक गाडगं आणलं होतं. तिनं पाणी ओतून टाकलं, गाडगं दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं आणि माळ्याच्या खांबावर आपटलं.

आवाज असा झाला की तिचंच काळीज हललं. खापऱ्या चारी बाजूंना उडाल्या, आणि सगळा थवा एकदम उठला. तिच्या अंगावरून वारा गेला. मग शांतता. तिनं कान दिले. पाखरं पलीकडच्या झाडांवर बसली होती. ती थोडा वेळ बसणार, मग परत येणार.

ती माळ्यावरून उतरली, खोकत चढ चढून घरी गेली, आणि मोठ्या टोपलीत मावतील तेवढी गाडगी, माठ भरून डोक्यावर घेऊन आली. दुसरी खेप केली. मग वर बसली. किरकिर ऐकू आली की एक फोडायची. आधी ज्यांचा काठ वाकडा होता ती फोडली. मग ज्यांना काही दोष नव्हता ती. फोडायच्या आधी ती प्रत्येकाच्या तळावरून अंगठा फिरवायची, सांधा कुठं घातला होता ते सापडायचं, आणि मग हात वर जायचे. दुपारनंतर तिला काठीनं आधी वाजवून वेळ काढायचं सुचलं. मडकं घंटेसारखं वाजायचं, पाखरं थोडी थबकायची, तडा जाईपर्यंत तेवढंच भागायचं. पण चांगलं भाजलेलं मडकं लवकर तडकत नाही म्हणावं, तर तिच्या हाताला जोर होता. सूर्य कलला तेव्हा टोपली रिकामी होती आणि वेनेरांच्या खाचरातली लोंबी न् लोंबी भरलेली होती.

वेनेरां बांधावरून फिरून आला. भात बघून त्यानं मान हलवली. मग त्याच्या पायाशी काहीतरी करकरलं. त्यानं वाकून खापरी उचलली, मग दुसरी, मग खाचरभर नजर फिरवली.

"मिबुरो, हे काय? कापायला माणसं अनवाणी उतरतील इथं. पाय फाटतील सगळ्यांचे."

"वेचते, धनी."

"आजच वेच. चिखलात रुतल्या तर सापडायच्या नाहीत."

फिदेस परत आली तेव्हा तिची आई भाताच्या ओळींत वाकून चिखल चाचपत होती. डोळ्यांनी दिसत नव्हतं, बोटांनी शोधत होती. फिदेसनं पेपराला घातलेला शाळेचा झगा वर खोचला आणि आत उतरली. ओळखीचा काठ हाताला लागला तेव्हा ती एकदा थांबली. टोपलीत खापऱ्या पडत राहिल्या. मिबुरोच्या तळपायाला एक लागली होती, चिखलात लाल रेघ उमटत होती. फिदेस पाय बघू म्हणाली. आई म्हणाली की आधी तिकडची ओळ बघ, तिकडं मोठा माठ फुटला होता.

वेचून झाल्यावर दोघी चढ चढून अंगणात आल्या. अजून उजेड होता. अंगणातली ओळ निम्म्याहून कमी झाली होती. फिदेस तिच्याकडं बघत उभी राहिली, मग दाराशी खाली बसली आणि म्हणाली, मी उद्या जात नाही.

मिबुरोनं ते ऐकलंच नाही असं केलं. तिनं पायाला फडकं गुंडाळलं, लंगडत ओळीपाशी गेली आणि उरलेली मडकी दोन ढिगांत लावू लागली.

"उद्या कशाचा पेपर आहे?"

फिदेसनं पायाचा वाळलेला चिखल खरवडला. मग म्हणाली, "गणिताचा."

"आणि परवा?"

"विज्ञानाचा. परवा संपतंय."

"मग ही गाडगी गणिताला, आणि हे रांजण विज्ञानाला. पुरतील."

फिदेस उठली. आईच्या शेजारी येऊन उभी राहिली. दोन्ही ढिगांकडं तिनं नीट बघितलं, गाडगी मोजल्यासारखे तिचे ओठ हलले.

"गणिताला जास्त ठेव," ती बसक्या आवाजात म्हणाली. "मला त्यात वेळ लागतो."

मिबुरोनं विज्ञानाच्या ढिगातला एक रांजण उचलला, कानाशी धरून बोटानं वाजवून बघितला, आणि गणिताच्या ढिगात नेऊन ठेवला.